फ्रीज चालू आहे पण गार होत नाहीये? गॅस भरायच्या आधी हे बघा

ठाण्यात मे महिना आला की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास मेसेज येतो, कोणी चांगला फ्रीजवाला सांगा हो, दूध नासतंय. फ्रीजवाला येतो, आत हात घालतो आणि पाच मिनिटांत निकाल देतो, गॅस गेलाय. कधीकधी खरंच गेलेला असतो, नाही असं नाही, पण फ्रीजचा गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांमध्ये तोच फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. त्यामुळे आधी घरच्या घरी जरा तपासून घ्या.

सगळ्यात आधी वरचा फ्रीजर आणि खालचा भाग वेगवेगळा बघायचा. खाली मधल्या कप्प्यात ग्लासभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा (तापाचा नव्हे, फ्रीजचा साधा मिळतो), सकाळी ३ ते ५ डिग्री दिसलं पाहिजे. फ्रीजरला उणे १८ च्या आसपास. हात लावून अंदाज घेऊ नका, उकाड्यात सगळंच गार लागतं.

आता वर बर्फ मस्त जमतोय पण खाली भाजी कोमेजतेय, आणि फ्रीज डबल डोअर फ्रॉस्ट फ्री आहे, तर गॅसचा संशय जवळपास सोडून द्या. या फ्रीजमध्ये गारवा तयार होतो तो फ्रीजरच्या मागच्या पॅनेलच्या आत, तिथला छोटा फॅन हवा खाली ढकलतो. मग ती हवा अडते कुठे? बऱ्याचदा आपणच मटारच्या पिशव्या नि बांगड्यांचे डबे फ्रीजरमधल्या हवेच्या जाळीला चिकटून कोंबलेले असतात. काही मॉडेलमध्ये फ्रीजरचं बटण फुलवर ठेवलं की खाली येणारी हवा उलट कमी होते, ते मध्यावर आणून एक दिवस बघा. तरी फरक नाही, तर पॅनेलमागे बर्फाची लादी झाली असणार, कारण तो बर्फ ठराविक वेळाने वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडलाय. याची टेस्ट सोपी आहे, सामान शेजारी द्या, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाका, खाली जुने टॉवेल अंथरा आणि पूर्ण एक दिवस तसंच राहू द्या. परत चालू केल्यावर काही दिवस झकास चालला आणि मग पुन्हा तेच रडगाणं, तर डीफ्रॉस्टचाच, म्हणजे बर्फ वितळवण्याचाच प्रॉब्लेम. मेकॅनिकला हे अगदी याच शब्दांत सांगा म्हणजे तो थेट तिथेच बघेल.

सिंगल डोअरवाल्यांनी बर्फाचा थर जाड झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं, बास. सुरीने खरवडू नका प्लीज, नळीला भोक पडलं की मग गॅस खरंच जातो.

वर-खाली दोन्हीकडे गारवा कमी असेल तर दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात अर्धी धरून बंद करा आणि ओढा, सहज सुटून हातात आली तर तिथून दमट हवा आत शिरतेय. चारी बाजूंनी करा, खालचा कोपरा विसरू नका. रबराच्या घड्यांमध्ये आपल्याकडच्या दमटपणाने काळी बुरशी धरते, ती कोमट साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासून काढली तरी कधीकधी दार परत नीट बसायला लागतं.

मग फ्रीजची जागा. घोडबंदर रोडच्या नवीन टॉवरमध्ये इंटिरियरवाले फ्रीजला अगदी मापाचा खण करून देतात, दिसायला छान पण आतली उष्णता बाहेर जाणार कुठून? मागे काळी जाळी नसलेल्या फ्रीजच्या बाजूच्या भिंती गरम लागतात, तो बिघाड नाही, तिथूनच गरमी बाहेर पडते, म्हणून मागे आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं तरी मोकळी पाहिजेत. जाळीवाला असेल तर प्लग काढून ब्रशने धूळ झाडा.

कॉम्प्रेसर (गॅस फिरवणारी मागची मोटर) चालू व्हायला जातो, टक् करून बंद पडतो, थोड्या वेळाने परत टक्, असं होत असेल तर बऱ्याचदा रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा छोटा स्विच) गेलेला असतो किंवा व्होल्टेज पडत असतं. जुन्या बिल्डिंगमध्ये रात्री सगळ्यांचे एसी लागले की हे होतं, इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या.

एवढं करून कॉम्प्रेसर सतत चालतोय आणि बर्फ नुसता एका कोपऱ्यात धरतोय तर गॅस कमी असू शकतो. पण मग लीक कुठे सापडलं, ड्रायर फिल्टर (नळीतला ओलावा नि कचरा अडवणारा) बदलणार का, व्हॅक्यूम करणार का (म्हणजे नळ्यांमधली हवा पंपाने काढणार का), गॅस वजन करून भरणार का, हे चार प्रश्न आधी विचारा. लीक न शोधता नुसता गॅस मारून जाणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि फ्रीजच्या लेबलवर आर-६००ए लिहिलंय का बघा, तो गॅस पेट घेतो, काम चालू असताना शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवासुद्धा विझवा.