करुक भाषेतली अवयवांची नावं देवनागरीत लिहिताय? या चुका टाळा

करुक ही कॅलिफोर्नियाच्या वायव्य भागातल्या क्लॅमथ नदीकाठच्या लोकांची भाषा, आता अगदी मोजके लोक बोलतात, म्हणून तिचे शब्द उचलून मराठीत टाकताना जरा जपून, एकदा चुकीचं पसरलं की दुरुस्त करायला सहसा कोणी येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ रोमन स्पेलिंगमधल्या स्वरावरच्या तिरक्या रेघेचा. ती दिसली की आपण लगेच दीर्घ लिहितो, पण ती रेघ सूर चढवायला सांगते, लांबवायला नाही. लांब स्वर असेल तर अक्षर दोनदा येतं. डोळ्याच्या शब्दात यू दोनदा आहे म्हणून यूप, नाकाच्या शब्दात यू एकदाच आणि वर रेघ, म्हणून युफिव, तिथे यू दीर्घ केलात की शब्द बिघडला.

टीएच दिसला की डोळे झाकून थ नको, तो इंग्लिश थिंकमधला आवाज आहे, जीभ दातांत ठेवून हवा सोडायची. आपल्याकडे त्याला अक्षरच नाही, मी तरी थ़ असा नुक्ता देते आणि यादीच्या वर खुलासा टाकते. एक्सचा क्स पण करू नका, तो घशातला ख़, डोकं म्हणजे अख़्वाह. आणि यादीत ब, द, ग, ल असलेला शब्द आला तर थांबाच, मूळ करुक शब्दांत हे आवाज नाहीत, शेजारच्या युरोक नाहीतर हुपाचा शब्द घुसलेला असू शकतो. तिन्ही समाजांचं राहणीमान बरंचसं सारखं असलं तरी भाषांचं एकमेकींशी नातं नाही.

आता अर्थाचं. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत, पण तीक म्हणजे पंजा आणि बोटंसुद्धा, वरचा दंडाकडचा भाग अत्रख़. पायाचंही तसंच, तंगडी अप्सीह आणि पाऊल फिथ़िह, त्यामुळे 'हात' आणि 'पाय' असे दोनच रकाने पाडलेत तर यादी चुकणारच.

गोष्टींमधून शब्द काढत असाल तर शब्दाच्या सुरुवातीला जोडलेला मालकीचा तुकडा आधी सोडवा, ननि माझा, मि तुझा, मु त्याचा किंवा तिचा. मुतीक हा अख्खा शब्द नाही, त्यातलं तीक तेवढं यादीत घ्यायचं.

अडलात तर विल्यम ब्राइट आणि सुझन गेर यांची ऑनलाइन डिक्शनरी उघडा, फक्त ब्राइटच्या १९५७ च्या पुस्तकातली चिन्हं आजच्या स्पेलिंगपेक्षा वेगळी आहेत, दोन्ही एकाच यादीत मिसळू नका.