पीजीपास फाईल असूनही पासवर्ड विचारतो? या चुका टाळा

“पासवर्ड तर फाईलमध्ये टाकला होता ना भाऊ, मग हा पुन्हा काऊन विचारून राहिला?” नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात काय नि मिहानमध्ये काय, पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांचं हे दुखणं ठरलेलं. फाईल म्हणजे पीजीपास: पासवर्ड दरवेळी टाकावा लागू नये म्हणून तो यात लिहून ठेवतात. पासवर्ड बहुतेक वेळा बरोबरच असतो. क्लायंटने, म्हणजे डेटाबेसला जोडणाऱ्या प्रोग्रॅमने, फाईल वाचलेली नसते, नाहीतर त्याला चुकीची ओळ लागलेली असते.

आधी परवानगी बघा. लिनक्सवर युजरच्या होम फोल्डरमधली डॉट पीजीपास फाईल ग्रुपला किंवा इतरांना उघडी असेल, तर क्लायंट तिला हातच लावत नाही. वॉर्निंग देतो, पण रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉन जॉबमध्ये ती वाचायला कोण बसलंय? चमॉड ०६०० ही कमांड मारा, म्हणजे फाईल फक्त मालकालाच उघडी राहील. आणि जॉब ज्या युजरच्या नावाने चालतो, फाईल त्याच्याच होममध्ये ठेवा. विंडोजवर ही तपासणी होतच नाही, म्हणून तिथून लिनक्सवर आलेले हमखास अडकतात.

खरा घोळ ओळींत असतो. होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड असे पाच रकाने, मध्ये कोलन. होस्ट जसाच्या तसा जुळावा लागतो. फाईलमध्ये लोकलहोस्ट आणि जोडताना १२७.०.०.१ दिलं, तर मशीन एकच असूनही ती ओळ लागत नाही. शिवाय वरून पहिली जुळलेली ओळच घेतली जाते. समजा, इतवारीतल्या एका व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या डेटाबेसची वेगळी ओळ तुम्ही तळाशी लिहिली आणि वर पासवर्ड सोडून चारही रकान्यांत स्टार, म्हणजे ‘काहीही चालेल’, टाकलेली ओळ आहे. तळापर्यंत कुणी जाणारच नाही. स्टारवाली ओळ कायम शेवटी.

पासवर्डातच कोलन असेल तर त्याआधी बॅकस्लॅश हवा. ‘संत्रा:४४’ असं नुसतं लिहिलं की सर्व्हरकडे फक्त ‘संत्रा’ जातो. बॅकस्लॅशलाही हाच नियम.

लॉगिन फसलं तर एरर शेवटपर्यंत वाचा. पासवर्ड अमुक फाईलमधून घेतला, असं त्यात असेल तर परवानगीच्या मागे लागू नका, ओळी तपासा. तसं काहीच नसेल आणि क्लायंट न विचारताच नापास होत असेल, तर पीजीपासवर्ड नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शोधा. तो सेट असला की फाईलकडे बघितलंच जात नाही, आणि टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या जुन्या बॅशआरसी फाईलमध्ये तो कुणीतरी टाकून विसरलेलं असतं.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पीजीडंप या बॅकअप घेणाऱ्या कमांडला डॅश डब्ल्यू द्या, डब्ल्यू लहान लिपीतला. मग पासवर्ड मिळाला नाही तर जॉब प्रॉम्प्टपाशी ताटकळत न बसता लगेच एरर देऊन थांबतो.