मेटलसाठी बेस अँप हेड घेताय? नुसते वॉट बघून पैसे टाकू नका, या चुका टाळा

हेवी वाजवणाऱ्या बँडमधल्या बेसिस्टची तक्रार ठरलेली असते, जॅमरूममध्ये मी ऐकूच येत नाही यार. आणि त्यावरचा उपाय पण ठरलेला, मोठं हेड (स्पीकरशिवायचा नुसता अँपचा खोका) घेऊया. आत्ता पाचशे वॉटचं आहे ना, मग आठशेचं बघू, हजाराचं कुठे सेकंडहँड मिळालं तर मजाच. मग हेड येतं, ईएमआय सुरू होतो, आणि पहिल्याच जॅमला कळतं की ड्रॉप ट्यूनिंगवाले (तारा ढिल्या करून खालच्या सुरात वाजवणारे) दोन गिटारिस्ट आणि दोन्ही पायांनी बेस ड्रम हाणणारा ड्रमर यांच्या मध्ये आपण अजूनही गायबच आहोत. कारण हेड एकटं काहीच करत नाही, त्याच्या खाली कॅब म्हणजे स्पीकरचा खोका असतो, मागे भिंतीतली लाइट असते आणि बाजूला ते दोघे गिटारवाले असतात, आणि दुकानात हेड बघताना नेमकं या तिघांचं कुणाच्या डोक्यात नसतं.

चूक १: वॉट डबल म्हणजे आवाज डबल

नाही होत तसं. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे फरक कळतो पण अंगावर येत नाही. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट हवी. म्हणजे पाचशेवरून आठशेवर जाऊन जे मिळतं ते २ डेसिबल. त्यासाठी एवढा खर्च?

हेच ३ डेसिबल कॅबमधून किती स्वस्तात येतात बघा. कॅबच्या स्पेसिफिकेशनमध्ये सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो आकडा. एक कॅब ९७ चा आणि दुसरा १०० चा असेल तर त्याच हेडवर दुसरा कॅब दुप्पट वॉटचं हेड लावल्यासारखा वाजेल. हा आकडा वाचायला कुणी जात नाही, सगळे हेडच्या पुढच्या पॅनलवरचा मोठा नंबर बघतात. माझं स्पष्ट मत आहे की बजेट एकच असेल तर आधी कॅब, मग हेड.

बरं मग वॉट लागतच नाहीत का, तर लागतात. खालच्या नोट्स पॉवर खूप खातात, गिटारवाल्याचं १०० वॉटचं ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं) हेड असेल तर बेसला क्लीन म्हणजे न फाटता राहायला त्याच्या तिप्पट-चौपट तरी हाताशी असावी असा साधारण हिशोब धरतात. एका मेटल बँडसाठी ४ ओहमवर (ओहम म्हणजे कॅबचा विद्युत अडथळा) ५०० ते ९०० वॉटचं क्लास डी (ट्रान्झिस्टरवालं, हलकं) हेड आणि चांगला कॅब, एवढ्यात भारतातल्या कुठल्याही क्लबचं काम होतं, त्याच्या वर गेलात तर पीए म्हणजे हॉलची साउंड सिस्टम आहेच की. आणि तो आकडा आरएमएस म्हणजे सलग देता येणारा आहे की पीक म्हणजे क्षणभराचा, हे आधी बघा, पीकचा आकडा निव्वळ खोक्यावर छापायला असतो.

चूक २: ओहमकडे दुर्लक्ष

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हेडवर '९०० वॉट' लिहिलंय ना, ते बहुतेक वेळा ४ ओहमचे असतात. तुमच्याकडे एकच ८ ओहमचा कॅब असेल तर तेच हेड पाचशेच्या आसपास देतं. यात हेडचा फॉल्ट काहीच नाही, पण माणूस म्हणतो नऊशेचं घेतलं आणि दम नाही.

उलटी बाजू जास्त डेंजर. ८ ओहमचे दोन कॅब पॅरलल लावले की ४ ओहम होतात, छान. ४ ओहमचे दोन लावले की २ होतात, आणि ८ व ४ एकत्र लावले तर २.६७. बऱ्याच हेडची किमान मर्यादा ४ असते, त्याच्या खाली गेलात तर चांगलं हेड प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प बसेल आणि साधं हेड धूर काढेल. आपल्याकडे हे जास्त होतं कारण कॅब आपला नसतोच, कॉलेज फेस्टला किंवा क्लबमध्ये जो उभा असेल त्यात प्लग करायचं. म्हणून कॅबच्या पाठी वाकून मोबाइलचा टॉर्च मारून ओहम वाचायचेच, प्लेट निघून गेली असेल तर मल्टिमीटर लावा, ८ ओहमचा कॅब मीटरवर साधारण ६ दाखवतो आणि ४ चा साधारण ३, कारण मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो. सारखं अनोळखी बॅकलाइनवर (स्टेजवर आधीच ठेवलेल्या अँप-कॅबवर) वाजवायचं असेल तर २ ओहमपर्यंत चालणारं किंवा किमान २.६७ ला घाबरत नाही असं हेड घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

ट्यूब हेडचं गणित वेगळं, तिथे मागच्या ओहमच्या सिलेक्टरला किंवा सॉकेटला जुळणाराच कॅब लावायचा आणि कॅब लावल्याशिवाय हेड चालू करायचं नाही म्हणजे नाही. लोड नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो पार्ट स्वस्त नाही.

याच भागात अजून एक, स्पीकर केबलच्या जागी गिटारची केबल लावणारे लोक अजून आहेत राव. आत केसाएवढी तार असते, शेकडो वॉट तिच्यातून पाठवले की ती तापते, आणि ट्यूब हेडवर ती मध्येच तुटली तर परत तीच लोड नसल्याची कथा. स्पीकॉनची जाड केबल स्वतःची ठेवा, घुसवून फिरवली आणि क्लिक आवाज आला तरच ती बसली.

चूक ३: ऐंशी पाउंडाचं स्वप्न

अँपेग कंपनीचं एसव्हीटी हेड कुणाला नकोय. १९६९ मध्ये आलं, ३०० वॉट ट्यूब, एकूण १४ ट्यूबा, त्याच वर्षीच्या अमेरिका टूरवर रोलिंग स्टोन्सनी ते वापरलं आणि त्यानंतर रॉक बेसचा आवाज म्हणजे ते हेड आणि खाली आठ दहा-इंची स्पीकरचा फ्रिजएवढा कॅब असं समीकरणच झालं. आवाज खरंच तसा आहे, खोटं कशाला बोलू. ट्यूब जोरात चालवली की अचानक फाटत नाही, हळूहळू कॉम्प्रेस होत दाणेदार होते, त्यामुळे ३०० ट्यूब वॉट बँडमध्ये कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठे वाटतात, आणि क्लास डी मात्र मर्यादा आली की लिमिटरवर (आवाज तिथेच अडवणाऱ्या सर्किटवर) आपटतं.

पण तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्या डोंबिवलीच्या माणसाने हे ३५-४० किलोचं हेड घ्यावं का? लोकलमध्ये नेता येत नाही, रिक्षात मांडीवर बसत नाही, दर गिगला टेम्पो. पॉवर ट्यूब सहाच्या मॅच्ड सेटमध्ये बदलाव्या लागतात, बायस (ट्यूबमधला करंट) सेट करणारा माणूस शोधावा लागतो. तेच तीन किलोच्या आसपासचं क्लास डी हेड बेसच्या बॅगेच्या खिशात जातं. फिनलंडच्या डार्कग्लासची हेडं मेटलवाल्यांत एवढी का दिसतात त्याचं अर्धं कारण डिस्टॉर्शन आणि अर्धं कारण हे वजन. डूम, स्लज असलं संथ वाजवत असाल आणि जॅमरूम तळमजल्यावर असेल तर मग ऑरेंजच्या एडी २०० सारख्या ट्यूब हेडचा जरूर विचार करा, तिथे तो खर्च ऐकू येतो. फास्ट डेथ मेटलमध्ये येत नाही.

चूक ४: मिड कापणे

खरा रोग हा आहे, वरचं सगळं नंतर.

घरी एकट्याने वाजवताना बेस वर, ट्रेबल वर, मिड खाली, असा हसऱ्या तोंडाच्या आकाराचा ईक्यू (टोनची सेटिंग) केला की काय भारी वाटतं. दुकानात पण सगळे हेच करतात आणि ज्या हेडवर तो आवाज आला ते हेड घरी आणतात. आता बँडमध्ये बघा. गिटार ड्रॉप ए मध्ये आहे, तिने लो-मिड भरून टाकलेत. किक ड्रमने खालचा पंच घेतला, सिंबलने वरचं सगळं घेतलं. तुम्ही जे मिड कापले तीच एक जागा रिकामी होती.

आणि खालचं बूस्ट करून काय मिळतं? पाच तारी बेसची लो बी ३१ हर्ट्झची असते. आठ स्पीकरचा तो प्रसिद्ध कॅबसुद्धा ४० हर्ट्झच्या खाली फारसा जातच नाही. तुम्हाला बी ऐकू येते कारण कान ६२, ९३ अशा वरच्या हार्मोनिक्सवरून मूळ सूर स्वतः भरून घेतो. तर ३१ हर्ट्झला १२ डेसिबल बूस्ट म्हणजे हेडची पॉवर अशा ठिकाणी ओतणं जिथून आवाज येतच नाही, फक्त स्पीकरचा कोन धाप लागल्यासारखा आतबाहेर होतो. कोन हलताना दिसतोय आणि आवाज नाही, म्हणजे रोग हाच. हेड घेताना हायपास फिल्टर आहे का विचारा, नसेल तर पेडल घ्या, ३०-४० च्या खालचं कापलं की तेच हेड मोकळं वाजायला लागतं.

मोटरहेड बँडचा बेसिस्ट-गायक लेमी मार्शलच्या १०० वॉटच्या सुपर बेस हेडांवर वाजवायचा, बेस आणि ट्रेबलचे नॉब जवळपास बंद आणि मिड पूर्ण. तो कधी ऐकू आला नाही अशी तक्रार कुणी केलेली ठाऊक नाही. तुम्ही एवढं टोक गाठू नका, पण ज्या हेडवर मिडची फ्रिक्वेन्सी निवडता येते तेच घ्या. एसव्हीटीवर २२०, ८०० आणि ३००० हर्ट्झ असे पर्याय असतात, त्यातला ८०० चा मेटलमध्ये देव आहे. डिस्टॉर्शनवाल्या हेडला ब्लेंडचा नॉब हवाच, म्हणजे क्लीन लो खाली तसाच राहतो आणि वर खरखर मिसळते. नाहीतर गेन वाढवला की वजन पळून जातं.

दुकानात जाताना स्वतःचा बेस न्या आणि मोबाइलवर तुमच्याच बँडच्या गिटारचं रेकॉर्डिंग न्या, ब्लूटूथ स्पीकरवर लावून त्याच्यासोबत हेड वाजवून बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

चूक ५: लाइटचा विचार न करणं

अमेरिकेतला दादा येताना हेड घेऊन येतोय ही आनंदाची बातमी, पण तिकडे १२० व्होल्ट आणि आपल्याकडे २३०. नवीन क्लास डी हेडांपैकी बरीच १०० ते २४० वर चालतात पण सगळी नाही, म्हणून पाकीट फोडायच्या आधी मागची प्लेट वाचा. जुनं ट्यूब हेड असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, हेडच्या प्लेटवरच्या वॉटपेक्षा बऱ्यापैकी मोठा. आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो हेही धरून चाला.

गिगला जनरेटर असेल तर एकच सांगायचं, "दादा, लाइट आणि साउंडचा फेज वेगळा ठेव ना." डिमर (स्टेजचे दिवे मंद करणारे) आणि अँप एका फेजवर आले की हेड भुणभुणतं.

आर्थिंगचं तर बोलायलाच नको. जुन्या हॉलमध्ये थ्री पिन सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनच्या मागे तारच नसते. स्टेजवर गेल्यावर आधी मल्टिमीटर एसीवर लावून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं बेसच्या तारेला लावा, दहा-वीस व्होल्ट दिसले तर गाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. हम घालवायला अँपच्या प्लगची आर्थ पिन कापणारे महाभाग भेटतात, त्यांना हात जोडा आणि डीआयवरचं (बेस सरळ मिक्सरला जोडणाऱ्या आउटपुटवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाखवा, ते त्यासाठीच दिलंय.

घेतलंय, आता त्रास देतंय

आवाज मध्येच बसतो आणि हेड हलवलं, ठोकलं की परत येतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा नंबर एकचा त्रास. लोक म्हणतात हेड गेलं, पण बहुतेक वेळा मागच्या इफेक्ट्स लूपच्या (पेडल मध्ये जोडायच्या सेंड-रिटर्न सॉकेटच्या) रिटर्न जॅकमधले काँटॅक्ट काळे पडलेले असतात, कारण तिथे कुणी कधी प्लग घालतच नाही. एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज टिकला तर रोग सापडला, मग काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आतबाहेर करा. हजार-दोन हजार घेऊन हेच करणारे रिपेअरवाले आहेत.

अर्ध्या तासाने बंद पडतं, थंड झालं की सुरू होतं. पंख्यात धूळ किंवा मागची जाळी भिंतीला चिकटलेली. नाहीतर ओहम परत मोजा.

प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी टोन घडवणारा भाग) पेडल लावल्यावर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. दोन प्रीअँप एकावर एक चाललेत. पेडल सरळ इफेक्ट्स रिटर्नमध्ये घाला, हेड नुसतं पॉवर अँप म्हणून वापरा.

अॅक्टिव्ह बेस लावला की गेन अगदी कमी ठेवूनही फाटतो. आधी बेसची ९ व्होल्टची बॅटरी बदला, नंतर हेडच्या पॅड इनपुटमध्ये लावा, मायनस १५ डीबी लिहिलेलं असतं ते.

ट्यूबची प्लेट लाल दिसायला लागली तर गाणं संपायची वाट बघायची नाही, स्विच ऑफ.

आणि फ्यूज सारखा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा टाकून शो काढायचा मोह होतो, विशेषतः साउंडचेकला पंधरा मिनिटं उरली असताना. हेडच्या मागे लिहिलेला असेल तोच आकडा आणि स्लो ब्लो लिहिलं असेल तर स्लो ब्लोच. तोही लगेच उडाला तर हेड बाजूला ठेवा, डीआयवरून पीएमध्ये जा आणि मॉनिटरमध्ये बेस वाढवून मागा.