पास्कलमध्ये रोगलाइक गेम करताय? या चुका टाळा

चादरीचा जेकॉर्ड ग्राफ (विणायच्या नक्षीचा चौकटींचा कागद) ज्याने पाहिलाय, त्या सोलापूरकराला रोगलाइकचा (दर डावाला नवा नकाशा देणाऱ्या, चालीचालीने खेळायच्या गेमचा) नकाशा समजावून सांगावा लागत नाही. चौकोनच चौकोन, प्रत्येकात एक खूण. पास्कल ही प्रोग्रामिंगची भाषा जुनी म्हणून नाक मुरडू नका. 'मोरिया' हा रोगलाइक मुळात पास्कलमध्येच लिहिला गेला आणि 'डूमआरएल' फ्री पास्कलमध्ये.

समजा, भुईकोट किल्ल्याचा तळमजला ८० स्तंभ बाय २५ ओळींच्या तक्त्यात, म्हणजे अ‍ॅरेत मांडलाय. खेळाडू नकाशा[४०,२५] वर आहे आणि खाली जायचं बटण दाबलं. प्रोग्राम नकाशा[४०,२६] वाचतो. अशी जागाच नाही, पण रेंज चेकिंग (जागा हद्दीत आहे का, ही तपासणी) मुळात बंद असतं. मेमरीत ४० व्या स्तंभानंतर लगेच ४१ वा येतो, म्हणून गपचूप नकाशा[४१,१] वाचला जातो. तिथे जमीन असेल तर गडी तटबंदीतून आरपार! गेम तयार होईपर्यंत 'डॉलर-आर-प्लस' ही सूचना देऊन ती तपासणी चालू ठेवा. रनटाइम एरर २०१ आली की चूक नेमकी सापडते. कडेने भिंत ठेवा, ते वेगळंच.

बाणाची बटणं हा दुसरा घोळ. बटण वाचणारं रीडकी बाणासाठी आधी शून्य क्रमांकाचं अक्षर देतं, खरा कोड दुसऱ्यांदा वाचल्यावर मिळतो: वर ७२, खाली ८०, डावीकडे ७५, उजवीकडे ७७. शून्य न तपासता अपकेस (मोठं अक्षर करणारं फंक्शन) लावलं की ७२ म्हणजे 'एच' आणि ७५ म्हणजे 'के'. एच-जे-के-एल (डावीकडे, खाली, वर, उजवीकडे) ची चाल ठेवली असेल, तर वरचा बाण दाबल्यावर गडी डावीकडे आणि डावा दाबल्यावर वर जातो. लोक तासन्‌तास चालीचा कोड तपासत बसतात. दोष तिथे नसतोच.

यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारं रँडमाइझ प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच. प्रत्येक खोलीसाठी बोलावलं तर घड्याळ पुढे सरकण्याआधीच तोच बी (सुरुवातीचा आकडा) पुन्हा पडतो आणि जुळ्या खोल्या निघतात. चाचणीपुरतं रँडमाइझ काढून रँडसीडला, म्हणजे त्या बीला, ठरावीक आकडा द्या, तोच किल्ला पुन्हा मिळेल. आणि रँडम(६) शून्य ते पाच देतो. फाशासाठी एक मिळवा.

दर चालीला क्लिअरस्क्रीन केलं की पडदा लुकलुकतो. बदललेले दोन चौकोनच गोटूएक्सवायने (कर्सर हव्या जागी नेणारी आज्ञा) पुन्हा रंगवा. ८० व्या स्तंभात, २५ व्या ओळीत काही लिहू नका. सगळा पडदा एक ओळ वर सरकतो.

सोन्याचा हिशोब इंटिजरमध्ये ठेवला असेल आणि तो १६ बिटी असेल, तर ३२,७६७ नंतर खजिना थेट उणे होतो. लाँगइंट हा मोठा प्रकार वापरा. सेव्ह फाइलच्या रेकॉर्डमध्ये नावासाठी ठरावीक लांबीची स्ट्रिंग घ्या, २० अक्षरं पुरेत.