भरती-ओहोटी बघून कॅमेरा काढा: किनाऱ्याचे फोटो कसे काढावेत

किनाऱ्यावर आपण पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा दुपार झालेली असते. ऊन डोक्यावर, समुद्र पांढुरका, गावातल्या भिंती फटफटीत. भराभर फोटो काढतो आणि घरी येऊन बघतो तर डोळ्यांना जे दिसलं होतं ते त्यात नाहीच. कॅमेरा बदलून यात फरक पडत नाही. समुद्राच्या फोटोत जागेइतकीच वेळ महत्त्वाची असते. तीच जागा सहा तासांनी ओळखू येणार नाही इतकी बदलते. म्हणून तयारीची सुरुवात घड्याळापासून.

१. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे आजची भरतीची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं: पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी. फ्रान्समधल्या माँ-सँ-मिशेलच्या उपसागरात मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी १४ मीटरपर्यंत बदलते. तिथला मठ अशा मोठ्या भरतीला बेटावर असतो आणि ओहोटीला वाळूच्या मैदानात. दोन्ही फोटो खरे, पण कोणता हवाय ते घरूनच ठरवून निघावं लागतं. भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यांवर मात्र हा फरक इतका थोडा असतो की तिथे वाऱ्याचा अंदाज जास्त कामाला येतो.

मला विचाराल तर ओहोटी लागल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास सर्वांत चांगले. खडक ओले आणि चमकदार असतात, वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नसतं आणि पाणी आपल्यापासून लांब जात असतं. भरती चढत असताना टोकावरच्या खडकात जाऊ नका. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी येतं. एकदा मी चौकट नीट लावण्यात गुंतलो होतो. मागे वळून बघितलं तर आलो ती वाट गुडघाभर पाण्याखाली गेली होती. त्या दिवसापासून कुठेही ट्रायपॉड (कॅमेऱ्याची तिपाई) लावण्याआधी पंधरा मिनिटं नुसता उभा राहून लाटा बघतो. मोठ्या लाटा थांबून थांबून, एकापाठोपाठ येतात. जो खडक ओला आहे तिथे लाट पोहोचते, एवढं साधं गणित आहे. आणि समुद्राकडे पाठ कधीही करायची नाही.

२. सूर्य कुठून येणार ते बघा

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास सगळ्यांनाच माहीत असतो. त्यात एक गोष्ट निसटते: पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर संध्याकाळी सगळे कॅमेरे सूर्याकडे वळतात, पण त्याच वेळी पाठीमागच्या गावाच्या भिंती सोनेरी उजेडात न्हालेल्या असतात. वळून बघा. सूर्य बुडाल्यावर लगेच निघूही नका. वीसेक मिनिटांनी आकाशाचा निळा उजेड आणि खिडक्यांतल्या दिव्यांचा पिवळा उजेड एकाच तोलाचे होतात. बंदराचा, जुन्या धक्क्याचा फोटो काढायची खरी वेळ ती. उत्तरेकडच्या देशांत, विशेषतः उन्हाळ्यात, ती बराच वेळ टिकते, विषुववृत्ताजवळ मात्र झटकन सरते.

३. लाटेसाठी शटर

शटर म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारी झडप. लाट खडकावर फुटतानाचे थेंब हवेत गोठलेले हवे असतील तर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा. उजेड अडवणारा काळा फिल्टर लावून मिनिटभर शटर उघडं ठेवलं की समुद्र दुधासारखा होतो. ती पद्धत फार वापरली जाते आणि तिच्यात समुद्राचा स्वभावच हरवतो, असं माझं मत आहे. मी बहुतेक वेळा १/४ ते १/२ सेकंदात काम करतो. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००, अॅपर्चर (लेन्समधलं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/८ ते एफ/११. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, तिथे कडा मऊ पडू लागतात.

शटर कधी दाबायचं? लाट येताना नाही, परत जाताना. पाणी खडकावरून ओघळतं, शेवाळाच्या प्रत्येक झुपक्यापाशी दुभंगतं आणि वाळूवर फेसाच्या लांब रेघा ओढत मागे सरतं. अर्ध्या सेकंदात त्या रेघा फोटोत उतरतात आणि बघणाऱ्याची नजर आपोआप समुद्राकडे नेतात. एकाच जागेवरून वीस-तीस फोटो काढा, त्यातला एखादाच जमतो. ट्रायपॉडचे पाय वाळूत आधीच दाबून घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच लाटेला पायाखालची वाळू वाहून जाते.

फोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. मग उजेड थोडा कमी करा. क्षितिज सरळ ठेवायला ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू ठेवा. वाकडं क्षितिज समुद्राच्या फोटोत लगेच खटकतं.

४. आकाश जळू देऊ नका

आकाश समुद्रापेक्षा खूप उजळ असतं, म्हणून फोटोत ते नुसतं पांढरं पडतं. हा त्रास जुनाच आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समधले छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह घेऊन त्या एकाच कागदावर छापल्या, कारण एका काचेवर दोन्ही नीट उतरत नसत. आज तीन वेगवेगळ्या उजेडाचे फोटो घेऊन जोडता येतात. त्याहून सोपं म्हणजे रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये), आकाश शाबूत राहील इतक्या कमी उजेडात फोटो काढायचा आणि सावल्या नंतर उजळायच्या. पांढऱ्या भिंतींच्या गावात उलट करावं लागतं. पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो करडा करतो, तिथे उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा.

पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) आकाश गडद करायला सूर्याशी काटकोनात सर्वांत चांगला चालतो. तो फिरवला की पाण्यावरची चकाकीही कमी होऊन तळ दिसू लागतो. अगदी रुंद लेन्सवर मात्र आकाशात गडद पट्टा पडतो, तेव्हा तो काढून ठेवा.

५. वास्तूबद्दल आधी वाचा

स्पेनमधल्या अ कोरुन्या इथलं हर्क्युलिसचं दीपगृह मुळात रोमन आहे. पण बाहेरून दिसणारी दगडी भिंत १८व्या शतकाच्या अखेरची. तिच्यावर तिरका चढत जाणारा पट्टा आहे, तो मूळ रोमन चढणीची खूण म्हणून राखलेला. समोरून ऊन असताना तो सपाट दिसतो, उजेड बाजूने आला की कडा उठून येतात. हे माहीत असेल तरच माणूस बाजूच्या उजेडासाठी थांबतो.

उंच इमारत जवळून काढताना कॅमेरा वर कलला की भिंती मागे झुकल्यासारख्या दिसतात. लांब जा, कॅमेरा सरळ धरा आणि पायथ्याशी एखादं माणूस किंवा होडी येऊ द्या, म्हणजे आकार कळतो. लोकांचे जवळून फोटो काढायचे तर आधी विचारा. ड्रोन उडवण्याआधी तिथले नियम बघा.

दीपगृह रात्री काढायचं असेल तर आधी त्याचे झोत मोजा. दर दीपगृहाची उघडझापीची स्वतःची लय असते, खलाशी त्यावरूनच ते ओळखतात. एक पूर्ण फेरी १० सेकंदांची असेल तर शटर निदान तेवढं उघडं ठेवा.

६. परतल्यावर

समुद्राच्या हवेत खारे तुषार असतात. लेन्सवर त्याचा पातळ थर बसतो आणि कोरड्या कापडाने पुसला की आणखी पसरतो, चरेही पडतात. आधी फुंकणीने वाळूचे कण उडवा, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा. किनाऱ्यावर असताना लेन्स बदलू नका. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून, सांधे सैल करून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर सांध्यांतली वाळू करकरायला लागते.