शिकवणीवाचून स्वतः कसे शिकावे : सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतो आणि पीयूसीला (म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीला) विज्ञान शाखा घेतली की तोच विषय त्याच्यासमोर इंग्रजीतून येतो. मग शिकवणी लावायची असे घरात ठरते. परंतु स्वतः शिकण्याची सवय नसेल, तर शिकवणीतही तो फळ्यावरचे नुसते उतरवून घेत राहतो. म्हणून ही सवय आठवी-नववीतच लावून घ्यावी.

प्रथम एकच धडा निवडावा आणि त्याखालचे प्रश्न आधी वाचून घ्यावेत, म्हणजे वाचताना काय शोधायचे ते मनात पक्के राहते.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे स्वतःच्या शब्दांत लिहावे. समजा, विद्युतधारेचा धडा आहे. 6 ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर एकूण रोध 3 ओहम होतो, हे सूत्राने चटकन काढता येते. पण आणखी एक रोध जोडूनही एकूण रोध कमी का झाला, हे लिहू लागताच अनेकांची लेखणी अडते. तेथे पुस्तक लगेच उघडू नये. 6 व्होल्टची बॅटरी जोडली आहे असे धरावे: प्रत्येक रोधातून 1 अँपिअर, म्हणजे एकूण 2 अँपिअर धारा वाहते, आणि 6 भागिले 2 म्हणजे 3. धारेला दुसरी वाट मिळाली, हे असे स्वतः शोधून काढलेले कारण सहसा विसरत नाही. पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा ओळखीचा वाटू लागतो, आणि ही ओळख म्हणजेच समज, असा गैरसमज फार मुलांचा होतो.

हेच लेखन दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा करावे. शिकलेले सुरुवातीलाच सर्वाधिक वेगाने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते.

भाषेची तयारीही सोबतच करावी. वहीच्या डाव्या बाजूस ‘रोध’, उजवीकडे ‘रेझिस्टन्स’ आणि खाली त्याचा अर्थ सांगणारे एक इंग्रजी वाक्य, अशी नोंद रोज थोडी थोडी वाढवावी; नुसते शब्द पाठ करून पीयूसीचे पुस्तक वाचता येत नाही, वाक्ये सरावाची व्हावी लागतात.

घरी बसायला निवांत जागा नसेल तर जवळचे वाचनालय गाठावे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय तर 1848 पासूनचे आहे. शिक्षकांकडे अवश्य जावे, मात्र ‘धडा कळला नाही’ असे न सांगता आपला कागद पुढे ठेवून कोणत्या ओळीपाशी अडले ते दाखवावे, कारण त्या एका ओळीचे उत्तर मधल्या सुट्टीतही मिळू शकते.