लिस्बनमध्ये खोली घेताना आधी चढ बघा

नकाशावर लिस्बन सपाट दिसतं, पण शहर टेकड्यांवर वसलंय. बुकिंगला "सेंटरपासून ६०० मीटर" वाचून हुरळून जाऊ नका. ते ६०० मीटर जिना असू शकतात. स्ट्रीट व्ह्यू उघडून मेट्रो स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंत एकदा 'चालून' या. पाच मिनिटांचं काम आहे.

आल्फामा ही जुनी वस्ती फोटोत देखणी, फिरायलाही छान. पण तिथे राहायचं म्हणजे गुळगुळीत दगडी फरशीवरून खडखडत बॅग ओढायची, पुढे पायऱ्या आल्या की ती उचलायची. बऱ्याच गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही आणि जुन्या घरांना लिफ्टही नसते. बाइरू आल्तू या भागात मध्यरात्रीनंतरही लोक ग्लास घेऊन रस्त्यावर उभे असतात. झोप प्रिय असेल तर तिथे नकोच.

आईबाबा बरोबर असतील तर बायशा. १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने आखलेला हा भाग सपाट आहे, रस्ते सरळ. भाडं मात्र चढं.

माझं मत विचाराल तर साउं सेबास्तियाउं. पर्यटकांच्या दृष्टीने जरा रूक्ष भाग, मान्य. पण मेट्रोची लाल लाइन विमानतळावरून थेट इथे आणते आणि निळी लाइन न बदलता बायशात सोडते. गुल्बेंकियान संग्रहालय चालत जाण्याजोगं.

आणि वरणभाताची आठवण झालीच, तर मार्तीं मुनीश स्टेशनला उतरा. डाळ, हिंग, मसाले, सगळं मिळतं.